‘आत्ताच सांगितलं ना!’ म्हणण्याआधी

दुपारचे तीन वाजले होते. सासूबाईंनी विचारलं, “पोरं आली का गं शाळेतून?” पोरं म्हणजे माझे यजमान आणि नणंद. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली. मी म्हटलं, “आई, ती मोठी झाली आता. कामावर गेलीत.” “हो का?” म्हणाल्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. सातव्या वेळी माझा आवाज चढला, “आत्ताच सांगितलं ना!” त्या गप्प झाल्या. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत खिडकीशी बसून राहिल्या. संध्याकाळी नणंद आली तेव्हा त्यांना दुपारचं काहीच आठवत नव्हतं, माझं ओरडणंही नाही. पण चहा घेतला नाही. “काय झालं आई?” विचारल्यावर एवढंच म्हणाल्या, “कसंतरीच वाटतंय.”

ओरडणं विसरल्या, पण कसंतरी वाटणं गेलं नाही. हे कसं, ते मला बऱ्याच उशिरा समजलं. दिवसभरातल्या घटनांची नोंद करणारा मेंदूचा भाग त्यांच्या आजारात सगळ्यांत आधी निकामी होऊ लागला होता, भावना धरून ठेवणारी यंत्रणा मात्र अजून बरीच काम करत होती. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. आई काही विचित्र वागल्या की आधी विचार करायचा, हे मेंदूच्या कुठल्या भागाचं काम? अल्झायमर झालेल्या माणसाच्या जवळजवळ प्रत्येक वागण्याला मेंदूत पत्ता असतो. तो माहीत असला की राग धरायला जागा उरत नाही आणि पुढे काय करायचं तेही सुचतं. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे, ‘म्हातारचळ’ हा शब्द आहे. घरात असा माणूस असेल तर या दोन्हींना आधी उंबऱ्याबाहेर ठेवा. हा स्वभाव नाही आणि नुसतं वयही नाही. हा आजार आहे.

मेंदूत नेमकं काय होतं

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवऱ्यावर विनाकारण संशय घेणं हे तिचं पहिलं ठळक लक्षण होतं. मग विसरणं आलं, घरातल्या घरात हरवणं आलं, स्वतःचं नावसुद्धा तिला पूर्ण लिहिता येईना. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव अलॉईस अल्झायमर. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत पिळवटलेल्या धाग्यांचा गुंता. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

ते गोळे बीटा अमायलॉइड या प्रथिनाचे असतात आणि गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा. टाऊचं मूळ काम चांगलं आहे. चेतापेशीच्या लांबलचक शेपटीतून पोषण आणि इतर माल पोहोचवणाऱ्या बारीक नळ्या असतात. मांडवाचे बांबू सुतळीने बांधावेत तसं टाऊ त्या नळ्यांना बांधून धरतं. आजारात ही सुतळी सुटते. मांडव बसतो, सुटलेल्या सुतळीचाच गुंता होतो, पेशीचा पुरवठा तुटतो आणि ती मरते. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. पेशी मरायच्या आधी त्यांचे एकमेकींशी असलेले सांधे तुटू लागतात, आणि आठवण म्हणजे शेवटी या सांध्यांचंच जाळं.

यातली एक गोष्ट घरच्यांनी जरूर लक्षात ठेवावी. अमायलॉइड साचायला लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरुवात झालेली असते. “बाबा गेले आणि त्या धक्क्यानं आईचं हे सुरू झालं,” असं पुष्कळ घरांत म्हणतात. बहुतेक वेळा ते आधीच सुरू झालेलं असतं. बाबा होते तोवर ते वेळेवर गोळी हातात देत होते, तिचं अर्धं वाक्य पुरं करत होते, दाराला कुलूप लावत होते. ते गेल्यावर झाकण उघडलं इतकंच. तेव्हा ‘मी परगावी राहिलो म्हणून’, ‘मी लग्न करून गेले म्हणून’ असं स्वतःला लावून घेऊ नका.

आजार मेंदूत एकदम सगळीकडे पसरत नाही, त्याला क्रम असतो. टाऊचा गुंता आधी कानशिलाच्या आत खोलवर होतो, तिथून कानशिलाच्या आणि डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात जातो, मग कपाळामागे. हातपाय हलवणारे, डोळ्यांनी दिसणारं टिपणारे पट्टे बराच काळ वाचतात. म्हणून माणूस ताठ चालतो, छान दिसतो. दिवाळीला आलेले पाहुणे अर्धा तास बसतात आणि जाताना म्हणतात, “छान आहेत की! उगाच काळजी करता.” त्या अर्ध्या तासात तुमच्या माणसानं जुन्या सवयीनं ‘या, बसा, चहा घ्या’ एवढंच बोललेलं असतं. पाहुण्यांशी वाद घालू नका, पण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा.

नोंदच होत नाही

कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना, हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. नवी घटना आधी त्याच्याकडे जाते. तो तिला पक्की करतो आणि काळाच्या ओघात ती मेंदूच्या बाहेरच्या थरात पसरून मुरते. अल्झायमरचा पहिला मोठा घाव इथे पडतो. म्हणजे तुमच्या आईनं ‘मुलं कामावर गेलीत’ हे ऐकलं आणि विसरली असं होत नाही, ते तिच्याकडे धड उमटतच नाही. पाटी ओली असली की खडू उमटत नाही, तसं. “आठवून बघ बरं,” असं म्हणणं मग निरर्थक होतं, आणि ऐकणाऱ्याला अपमानाचं. पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणी मात्र या भागावर तितक्या अवलंबून नसतात. म्हणून १९७० सालची शाळेची घंटा त्यांना ऐकू येते आणि सकाळचा नाश्ता आठवत नाही.

मग करायचं काय? प्रश्नाच्या मागची चिंता ओळखून तिला उत्तर द्या. ‘पोरं आली का?’ यात ‘ती सुखरूप आहेत ना?’ हे असतं. “दोघंही व्यवस्थित आहेत आई, जेवूनखाऊन गेलीत,” एवढं म्हटलं की आमच्याकडे प्रश्नांमधलं अंतर वाढायचं. सुरुवातीच्या काळात भिंतीवरचा फळा उपयोगी पडतो. आज वार कोणता, कोण कुठे गेलंय, कधी येणार, ते मोठ्या अक्षरात लिहावं. आणि नातेवाईकांना आधीच बजावून ठेवा की आल्या आल्या “ओळखलंत का मला? सांगा पाहू मी कोण?” ही परीक्षा घ्यायची नाही. आत येतानाच सांगायचं, “आत्या, मी तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा. तुमच्या हातच्या घावण्यांची आठवण आली म्हणून आलो.” माणूस खुलतो.

भावना मागे उरते हे अभ्यासातही दिसलेलं आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळानं काय पाहिलं ते त्यांना फारसं सांगता आलं नाही, पण मनात उमटलेली भावना टिकून होती. तुम्ही दहा मिनिटं शेजारी बसून केसांना तेल लावलंत, तर ते लक्षात राहणार नाही. बरं वाटणं मात्र राहील. ‘त्यांना कुठे कळतंय?’ या वाक्यावर माझा राग आहे तो यासाठी.

‘सुनेनं पाटल्या घेतल्या’

हा आरोप आमच्याकडेही झाला, आणि तो सहन करायला फार जड गेला. वीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढलेल्या बाईनं शेजारणीसमोर आपल्याला चोर म्हणावं! पण मेंदूच्या बाजूनं पाहा. आईंनी पाटल्या कुणी घेऊ नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवल्या. ठेवल्याची नोंद झाली नाही. आता कपाटात पाटल्या नाहीत हे दिसतंय, आपण हलवल्याचं आठवत नाही. मेंदूला रिकामी जागा सोसत नाही, तो काहीतरी कारण शोधून ती भरतो, आणि ‘कुणीतरी घेतल्या’ हे त्यातलं सगळ्यांत सोपं कारण. तोलून मापून बघणारा, ‘असं कसं होईल?’ म्हणून थांबवणारा कपाळामागचा भागही दुबळा झालेला. घरात सगळ्यांत जास्त वावरणारा माणूस चोर ठरतो. म्हणजे आरोप बहुधा त्याच्यावरच येतो जो सगळ्यांत जास्त करतो.

‘मी नाही घेतल्या’ हे सिद्ध करायला जाऊ नका. “अरे देवा, पाटल्या दिसत नाहीत? चला, दोघी मिळून शोधू,” म्हणा आणि खरंच शोधा. तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देवघराचा खण, कचऱ्याची टोपली ही ठिकाणं पाठ करून ठेवा. खरे दागिने लवकरच लॉकरमध्ये हलवा आणि हाताशी खोट्या पाटल्या, थोडे सुटे पैसे असलेलं पाकीट राहू द्या. चष्मा आणि किल्ल्या यांची जादा जोडी ठेवा. आणि घरातल्या पुरुषांना माझी विनंती अशी, की आरोप झाल्यावर बायकोला एकटीला सोडू नका. ‘आई आजारी आहे’ हे शेजारणीला सांगण्याचं काम तुमचं.

‘मला काही झालेलं नाही’ हेही याच जातीचं. स्वतःची कमतरता ओळखण्याची क्षमताच आजारात जाते. त्याला हट्ट म्हणता येत नाही. ‘तुमच्या विसरण्यासाठी डॉक्टरांकडे जाऊ’ असं म्हटलं तर ते येणार नाहीत. ‘बीपी-शुगरची वार्षिक तपासणी आहे’ म्हटलं तर येतील, आणि त्यात खोटं काहीच नाही.

साडी, पायरी आणि काळं पायपुसणं

डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात अंतर, खोली, उजवं-डावं आणि कृतींचा क्रम सांभाळला जातो. तो झिजला की डोळे चांगले असूनही काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं. माणूस उंबऱ्याशी थबकतो आणि आपण ‘चला ना’ म्हणून ओढतो. गडद पायपुसणी काढून टाका. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवा. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, रंगीत ताटली घ्या. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड दिसत नाही, त्याची बैठक रंगीत लावा. आमच्याकडच्या निम्म्या ‘अपघातां’चं कारण हे होतं. साडीच्या निऱ्या जमेनात तेव्हा आई रडल्या होत्या. त्यांना गाऊन चढवण्याआधी काही महिने आम्ही शिवलेली साडी वापरली. कपडे घालायच्या क्रमानं एकेक हातात दिले की पुष्कळ दिवस माणूस स्वतः घालतो. हातातून काढून घेऊन झटपट उरकायचा मोह टाळा.

वास ओळखण्याची शक्ती अनेकदा खूप आधी कमी होते. गॅस गळतोय हे त्यांना कळणार नाही. काम झालं की रेग्युलेटर बंद, हा नियम आजपासून करा.

दिवेलागणीला

संध्याकाळ झाली की बेचैनी, येरझाऱ्या, “मला घरी सोडा.” हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. दिवस-रात्र ओळखणारं मेंदूतलं घड्याळही आजारात बिघडतं. दिवसाचा थकवा, कमी होणारा उजेड आणि लांबलेल्या सावल्या त्यात भर घालतात. सकाळी अर्धा तास कोवळ्या उन्हात बसवा, दुपारची झोप आखूड ठेवा, अंधारायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, पडदे ओढून घ्या आणि टीव्हीवरच्या रडारडीच्या मालिका बंद करा. त्या बायका आपल्या घरात रडताहेत असं त्यांना वाटू शकतं.

‘घरी जायचंय’ याला ‘हेच तुमचं घर’ हे उत्तर लागू पडत नाही. त्यांच्या मनातलं घर माहेरचं असतं, किंवा जिथं सगळं ओळखीचं होतं अशी एखादी जागा. “घरी कोण कोण आहे? अंगणात काय लावलंय?” असं विचारा. पाच मिनिटांचा फेरफटका मारून परत या. आई आपल्या आईची वाट बघत असेल तर ‘ती केव्हाच गेली’ असं सांगू नका. नोंद होत नसल्यानं प्रत्येक वेळी ती बातमी नवी असते, आणि दुःखही नवं.

काय शाबूत राहतं

हाताला लागलेलं वळण मेंदूत वेगळ्या ठिकाणी, खोलवरच्या गाभ्यात आणि मागच्या छोट्या मेंदूत सांभाळलं जातं, आणि तिथं आजार उशिरा पोहोचतो. ओळखीची गाणीही बराच काळ टिकतात. नातवाचं नाव न आठवणाऱ्या आई हरिपाठ सुरू झाला की ओळीला ओळ जोडत. मेथी निवडणं, लसूण सोलणं, घड्या घालणं, कापसाच्या वाती वळणं हे सगळं त्या करायच्या. वाती तर इतक्या एकसारख्या, की बघत राहावं. डॉ. मोहन आगाशे यांनी ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात अल्झायमर झालेले संस्कृत पंडित उभे केले आहेत. घरच्या सगळ्यांनी मिळून तो एकदा पाहावा. मुलांना समजावण्यासाठी मला तो फार उपयोगी पडला.

काम उपयोगाचं असू द्या. ‘हे निवडून द्याल का, मला घाई आहे’ असं मागितलं की चेहरा बदलतो.

डॉक्टरांकडे जाताना

प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो आणि हे तपासल्याशिवाय शिक्का मारून घेऊ नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी घरांत ती पुष्कळ आढळते), थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या आणि गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या, छोट्याशा पडण्यानंतर मेंदूभोवती हळूहळू साचलेलं रक्त यांनीही माणूस गोंधळतो, आणि यातलं बरंच काही सुधारू शकतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. तीन महिन्यांतले प्रसंग तारखेसह वहीत लिहून न्या. ‘विसरतात’ एवढं सांगून डॉक्टरांना फारसं कळत नाही. ‘चाळीस वर्षांच्या ओळखीच्या बाजारातून घरी येताना रस्ता चुकल्या’ यातून कळतं. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर तो अल्झायमर समजून घरी थांबू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, क्षारांची गडबड असं काही असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटमिन ही औषधं पेशींमधला निरोप्या असलेलं ॲसिटिलकोलीन टिकवतात, मेमँटिन वेगळ्या मार्गानं काम करतं. काहींना त्यांनी काही काळ मदत होते, आजार थांबत नाही. लेकॅनेमॅब आणि डोनॅनेमॅब ही अमायलॉइड काढून टाकणारी नवी औषधं अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झाली. सुरुवातीच्या टप्प्यात ती आजाराचा वेग थोडा कमी करतात, मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका असल्यानं वरचेवर एमआरआय करावा लागतो. ‘स्मृती परत आणतो’ म्हणून काढे, बाटल्या विकणारे दारात येतील. गेलेल्या पेशी परत आणणारं औषध कुणाकडेही नाही. ते पैसे दिवसपाळीच्या मावशींना द्या.

कागदपत्रं लवकर करा, माणसाला समजतंय तोवर. मृत्युपत्र, बँकेतलं संयुक्त खातं, वारसनोंद. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका, कारण ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की आपल्या कायद्यानुसार ते संपुष्टात येतं. फोनवरून ओटीपी मागणाऱ्यांना असा माणूस सहज बळी पडतो, म्हणून त्याच्या खात्यात मोजकेच पैसे ठेवा.

आणि आपलं? पन्नाशीतल्या मुलांना ‘आपल्यालाही होईल का?’ ही धास्ती असतेच. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानं डिमेन्शियाचे (म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, ज्यात अल्झायमरही येतो) १४ टाळता येण्याजोगे धोके मांडले आहेत आणि ते सगळे दूर झाले तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा लांबतील असा अंदाज दिला आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठी सवय हे आपल्याला माहीत असतं. कमी ऐकू येणं हाही त्यात मोठा धोका आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. कानाचं यंत्र लावायला लाजू नका.

सांभाळणाऱ्याला सुट्टी हवी

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून आला. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मागे घरातली एक व्यक्ती असते, बहुधा बाई, जी रात्री नीट झोपत नाही. १९९२ पासून काम करणारी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसॉर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था कुटुंबांना मार्गदर्शन करते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. स्वतःच्या मनावर ताण असह्य झाला तर १४४१६ हा टेलिमानस या मदतवाहिनीचा क्रमांक आहे. पण सगळ्यांत आधी भावंडांत वाटणी करा. पैसे पाठवणं वेगळं आणि महिन्यातून दोन दिवस येऊन राहणं वेगळं. आमच्याकडे नणंद दर दुसऱ्या शनिवारी येऊन राहायची. त्या शनिवारी मी माहेरी जाऊन नुसती झोपायचे.

तिच्यासाठी, मावशींसाठी आणि कुणाही येणाऱ्यासाठी मी फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर. गिळताना ठसका लागतो म्हणून ताठ बसवून, छोट्या घासानं भरवायचं. कपाळाला आठ्या पडल्या, अंग चोरलं तर दुखत असेल असं समजायचं, कारण त्या सांगू शकत नाहीत. खोलीत समोरून यायचं, मागून हात लावायचा नाही. वातीचा कापूस देवघराच्या खालच्या खणात आहे. पोरांची चौकशी करतील. तिसऱ्यांदा विचारलं तर तिसऱ्यांदा सांगायचं.